हद्द आधी, पोतं नंतर: ओढ्याकाठच्या ४०० पावलांचं प्रकरण

प्रकरण एका ओढ्याचं आणि त्याच्या काठावरच्या कचऱ्याचं आहे. दोन साकवांच्या मधला त्याचा काठ साधारण ४०० पावलं लांब. एका बाजूने पायवाट जाते. तिच्या तोंडाशी झाकण नसलेली कचरापेटी आणि थोडं आत एक बाक. दुसऱ्या बाजूला झुडपांनी भरलेला उतार. मध्यावर ओढा मोठं वळण घेतो, आणि वरच्या साकवाखाली वस्तीतलं पावसाचं पाणी आणून सोडणारा एक रुंद पाइप आहे. पेटी, बाक, झुडपं, वळण आणि पाइप एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं समजायला सोपं जाईल.

त्या वाटेने मी रोज जायचे आणि मनातल्या मनात कोणाला तरी शिव्या घालायचे. तो कचरा उचलायला मात्र कधी वाकले नव्हते. एकदा झुडपाच्या मुळाशी पडलेली काचेची बाटली पायाला लागली. आत एक चिचुंद्री मरून पडली होती. बाटली तोंड वर करून तिरकी पडली असेल तर छोटा प्राणी आत सहज घसरतो, पण गुळगुळीत काचेवर नखं ठरत नाहीत, त्यामुळे त्याला परत वर येता येत नाही. त्याच्या वासाने किडे येतात आणि तेही आतच राहतात. ती बाटली मी रुमालात धरून घरी आणली. सुरुवात म्हणायची तर ती एवढीच.

पहिला रविवार

पुढच्या रविवारी मी आणि एक मैत्रीण सकाळीच निघालो. पूर्ण काठ एका दिवसात साफ करायचा, असा आमचा बेत. सोबत पोती होती आणि स्वयंपाकघरातले पातळ हातमोजे होते, जे अर्ध्या तासात फाटले. तीन तासांत सात पोती भरली. त्या दिवशीचे फोटो अजून माझ्याकडे आहेत, आणि त्यात आम्ही फार खूश दिसतो.

चुका मोजायच्या तर बऱ्याच निघतील. ओल्या गाळासकट भरलेलं पोतं दोघींना मिळून उचलेना. अर्धं भरलेलं पोतंच माणसाला उताराने वर आणता येतं, हे दोन पोती तळातून फाटल्यावर कळलं. झुडपांत हात घालताना आत पक्ष्यांची घरटी असतील हे डोक्यातही आलं नाही. एक पक्षी सारखा आमच्याभोवती ओरडत घिरट्या घालत होता, आणि आम्हाला वाटलं तो सोबत करतोय! काठात अर्धं गाडलं गेलेलं प्लास्टिकचं मोठं कापड मी जोर लावून ओढून काढलं, तर त्याबरोबर हातभर काठ ढासळून पाण्यात गेला. गवताची मुळं त्या कापडात विणली गेली होती. आता असं काही दिसलं की वर दिसणारा भाग कात्रीने कापून घेतो आणि आतला तसाच सोडतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र पोती भरून झाल्यावर झाली. ती कुठे न्यायची याचा विचार आम्ही केलाच नव्हता. पायवाटेच्या तोंडाशी, पेटीच्या शेजारी, ओळीने मांडून ठेवली आणि सकाळी कचऱ्याची गाडी नेईल असं धरून घरी गेलो. गाडीने पोती नेली नाहीत. रात्री कुत्र्यांनी त्यांतली तीन फाडली, बाकीचं काम वाऱ्याने केलं. ओढ्यात विखुरलेलं होतं ते आता एका जागी ढीग होऊन पडलं होतं. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या एका बाईंनी मला अडवून विचारलं, "हा उकिरडा तुम्हीच केलात ना?" खोटं बोलायला जागाच नव्हती.

मोजणीदार काका

तो ढीग आवरत असताना आमच्या गल्लीतले काका आले. आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेले, आता निवृत्त. बराच वेळ नुसते उभे राहिले आणि मग म्हणाले, "अगं, आधी हद्द ठरव. हद्द नसलेलं काम संपत नाही आणि संपलं तरी कळत नाही."

"काका, हद्द कसली? कचरा आहे, उचलायचा."

"कुठून कुठपर्यंत? कुणाच्या जागेतला? आणि उचलून कुणाच्या दारात?"

पुढचे तीन आठवडे आम्ही एक कपटाही उचलला नाही. फक्त विचारत फिरलो. कळलं ते असं: पाणी आणि काठ एका खात्याकडे, पायवाट आणि बाक दुसऱ्याकडे, आणि कचरा वाहून नेणं तिसऱ्याकडे. पहिल्या खात्याने सांगितलं, दुसऱ्याला विचारा. दुसऱ्याने तिसऱ्याकडे धाडलं. तिसऱ्याने लेखी मागितलं. काकांना या कशाचाच वैताग येत नव्हता. त्यांनी काठाचा हाती काढलेला नकाशा जोडून एका पानाचा अर्ज लिहिला: अमुक दिवशी, अमुक वेळात, या दोन खुणांच्या मधे आम्ही सुटा कचरा गोळा करू, पोती या ठिकाणी बांधून ठेवू, तुमच्या गाडीने ती त्याच दिवशी न्यावीत. मागणी छोटी आणि नेमकी असल्यामुळे असेल, पण ती मान्य झाली. ओढ्याकाठचा कचरा दोन तासांहून जास्त वेळ पोत्यात पडून राहणार नाही, एवढी व्यवस्था त्या एका पानाने लागली.

हे इतकं लांबवून सांगण्याचं कारण असं की नव्याने सुरुवात करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं पहिलं वाक्य "चिमटे कुठे मिळतील?" असं असतं. चिमट्याचं नंतर बघता येतं. पोतं शेवटी कोणाच्या हातात जाणार हे ठरलं नसेल तर बाकी सगळं फुकट जातं.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते, कारण बहुतेक जण ती सांगत नाहीत. गोळा केलेल्या मालातला फार थोडा पुनर्वापराला जातो. काच जाते, डबे जातात, त्यातल्या त्यात स्वच्छ बाटल्या जातात. गाळ भरलेली पाकिटं, उन्हाने ठिसूळ झालेल्या पिशव्या, थर्माकोल हे भंगारवाले हातात घेत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. तो माल शेवटी कचराभूमीवरच जातो. ओढ्यातून निघून तिकडे गेला हा फायदा आहेच, पण आपण तो "रिसायकल केला" असं सांगत फिरू नये.

दुसरी सुरुवात

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा काकांनी काठाचे चार भाग पाडले, १०० पावलांचा एकेक. एका वेळी एकच भाग आणि ४० मिनिटं. वेळ संपली की हातातलं काम तिथेच थांबवायचं. मला हे सुरुवातीला हास्यास्पद वाटलं. समोर बाटली दिसतेय आणि आम्ही घड्याळ बघून परत फिरतोय! पण त्यामुळेच पुढच्या आठवड्यात पुन्हा यावंसं वाटायचं. पहिल्या रविवारी सोबत आलेली मैत्रीण त्या तीन तासांनंतर पुन्हा आली नाही, आणि तिची कंबर मला तिच्यापेक्षा जास्त खरं सांगून गेली होती.

साधनं थोडकी. लांब दांड्याचा चिमटा, जाड रबरी तळव्याचे हातमोजे, बंद बूट. पोत्याऐवजी हातात बादली, कारण वाऱ्यात पोत्याचं तोंड मिटत राहतं आणि एका हाताने उघडं धरून दुसऱ्याने कचरा टाकणं म्हणजे कसरत होते. बादली भरली की पोत्यात रिकामी करायची. पोती विणलेल्या प्लास्टिकची असतील तर ती सावलीत ठेवायची. आम्ही एक गठ्ठा उन्हात विसरलो होतो. काही आठवड्यांनी हात लावला तर त्यांचा भुगा झाला. कचरा उचलायला आणलेल्या पोत्यांनीच कचरा केला.

आणि एक जाड भिंतीची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी, सुयांसाठी. दुसऱ्या भागात इंजेक्शनची सुई सापडली तेव्हा तिचा उपयोग झाला. नियम असा की सुईला हात लावायचा नाही, तिच्यावर टोपण बसवायला जायचं नाही. बरणी जमिनीवर टेकवायची, हातात धरायची नाही. मग चिमट्याने सुई आत सोडायची आणि झाकण लावायचं. बरणी दवाखान्यात नेऊन दिली. सुईच्या भीतीपेक्षा साचलेल्या पाण्याची भीती रोजची असते. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अंगावरच्या साध्या ओरखड्यातूनही शिरू शकतो. जखम असेल तर ती झाकायची, धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि घरी गेल्यावर आधी साबणाने हात. काकांच्या गुडघ्याला खरचटलं होतं तेव्हा मी त्यांना आठवडाभर पाण्याजवळ येऊ दिलं नाही. ते रुसले, पण आले नाहीत.

वही

मोजणीची कल्पना अर्थातच काकांची. प्रत्येक फेरीत बादली रिकामी करताना वहीत उभ्या रेघा मारायच्या: थोटकं, वेष्टनं, झाकणं, बाटल्या, थर्माकोल, बाकीचं. मला ही हौस वाटली. पण नुसतं उचलून उपयोग नाही, काय उचललं ते लिहा, हा विचार जुना आहे. लिंडा मरानिस आणि कॅथी ओ'हारा यांनी १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर पहिली मोठी सफाई घडवून आणली, तेव्हाच स्वयंसेवकांना वस्तूंची नोंद करायला लावली होती. तिचाच पुढे 'इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप' हा जगभरातल्या किनारा-सफाईचा उपक्रम झाला. किनाऱ्यांवर संख्येने सर्वाधिक सापडतात ती सिगारेटची थोटकं, हे जगाला त्या नोंदींतून वर्षानुवर्षं दिसत राहिलं. २०१९ सालच्या सफाईत पहिल्यांदाच खाद्यपदार्थांची वेष्टनं त्यांच्या पुढे गेली.

आमच्या वहीने दोन महिन्यांत जे दाखवलं ते डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं. कचरा सगळीकडे सारखा पसरलेला वाटायचा, पण तसा तो नव्हता. पहिल्या भागात वेष्टनं, तीही पेटीच्या वाऱ्याच्या बाजूला. बाकाभोवती थोटकं, जवळपास फक्त थोटकं. आणि वळणावर झाकणं. बाटल्या तिथे क्वचित, पण बाटल्यांची झाकणं ढिगाने.

झाकणांचं कोडं सुटायला वेळ लागला. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक आणि तिच्या झाकणाचं प्लास्टिक वेगळं असतं. बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, आणि ते पाण्यापेक्षा जड, घनता पाण्याच्या साधारण १.३८ पट. झाकण पॉलीप्रोपिलीनचं किंवा पॉलिथिलीनचं, दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. झाकण निघालं की बाटलीत पाणी शिरतं आणि ती तळाला गाळात रुतते. झाकण तरंगत पुढे जातं आणि जिथे पाणी मंदावतं तिथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, पालापाचोळ्याबरोबर थांबतं. मग वळणावरची झाकणं तिथे बसणाऱ्यांची नव्हतीच, वरून आलेली होती. पाऊस पडून गेल्यावरची पानं उघडली तर झाकणांच्या रेघा प्रत्येक वेळी वाढलेल्या. पाइपच्या तोंडाशी उभे राहून काका म्हणाले, "गुन्हेगार हा आहे, आणि आपण इतके दिवस बाकावरच्या पोरांना धरत होतो."

तीन ठिकाणं, तीन प्रकार

पेटीचं काम सर्वांत सोपं ठरलं. ती भरत होती, लोक तिच्यात टाकतही होते, पण झाकण नसल्यामुळे कावळे आणि वारा बाहेर काढत होते. वहीची दोन पानं जोडून झाकणाची मागणी केली. ती पुरी व्हायला चार महिने लागले. पण झाकण बसल्यावर पहिल्या भागातल्या वेष्टनांच्या रेघा पानभरावरून दोन-तीन ओळींवर आल्या. झाकणाऐवजी आम्ही चार महिने नुसतंच उचलत राहिलो असतो तर तेवढं काम झालं नसतं.

बाकाचं प्रकरण अजून लटकलेलंच आहे. स्वच्छ जागेत लोक कमी घाण करतात, हे मी वाचलं होतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सायकलींच्या हँडलला पत्रकं अडकवली होती. मागची भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी पत्रक जमिनीवर टाकलं, आणि तीच भिंत रंगाच्या फराट्यांनी भरल्यावर ६९ टक्के लोकांनी. त्याआधी १९९० साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्डिनी आणि सहकाऱ्यांना एक मजेशीर गोष्ट आढळली होती. अगदी स्वच्छ जागेपेक्षा एखादाच तुकडा ठळक पडलेला असेल तर लोक आणखी कमी टाकतात, कारण तो एक तुकडा बघून बाकीची जागा स्वच्छ आहे हे त्यांच्या ध्यानात येतं. तुकडे वाढत गेले की मात्र टाकणारेही वाढतात. मला या सगळ्याचा मोठा भरवसा वाटत होता. बाकाभोवतीची जमीन आम्ही अक्षरशः वेचून काढली, आणि आठवड्याने थोटकं परत तितकीच.

मग विचारायचं ठरवलं. बाकावर बसलेल्या एका मुलाला मी म्हटलं, "दादा, हे इथे का टाकता?" तो ओशाळला नाही, उलट समजावून सांगू लागला, "ताई, हे कापसाचं असतं. पावसात विरून जातं." त्याला खरंच तसं वाटत होतं. फिल्टर कापसासारखा दिसतो, पण तो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच एक प्रकार. तो लवकर कुजत नाही, धागे सुटून बारीक होत जातो, आणि धुरातून त्यात अडकलेलं निकोटिन आणि बाकीचं पाण्यात उतरतं. हे ऐकून तो म्हणाला, "पाकिटावर तर असं काही लिहिलेलं नाही." तो मुलगा पुढे खिशात झाकणाची डबी ठेवू लागला, दोनदा मी स्वतः पाहिली. पण बाकावर बसणारा तो एकटा नाही. बाकाशेजारी वाळू भरलेलं भांडं ठेवलं, तेही दोन आठवड्यांत गायब झालं. नवं ठेवण्याबद्दल आमच्या दोघांत अजून मतभेद आहेत.

तिसरं ठिकाण पाइप. तोंडाला जाळी लावा, असा अर्ज केला आणि तो नाकारला गेला. तेव्हा राग आला होता. नंतर त्या खात्यातल्या अभियंत्याने जागेवर येऊन दाखवलं: जोराच्या पावसात फांद्या आणि पाला जाळीवर चढतात, पाणी तुंबतं आणि उलटं वस्तीत शिरतं. रोज साफ करणारा माणूस असेल तरच जाळी लावता येते. आमच्याकडे तो माणूस नव्हता आणि त्यांच्याकडेही नव्हता. कचरा पाइपात शिरतो तिथे, वस्तीतल्या रस्त्याकडेच्या गटारांवर, काही करता येईल का, हे आता काका नकाशावर बघत बसले आहेत.

जे आम्ही सोडून दिलं

तिसऱ्या भागातल्या झुडपांत पक्ष्यांच्या विणीच्या काळात आम्ही जातच नाही. बाहेरून चिमट्याने पोचेल तेवढंच घेतो. पडलेली लाकडं, कुजलेल्या फांद्या, पाला यांना हात लावत नाही. सुरुवातीला एका उत्साही गटाने येऊन काठ "चकाचक" करताना पालाही झाडून नेला होता, आणि काही दिवस तिथली जमीन उघडीबोडकी पडली. बाटली उचलण्याआधी आत बघतो. जिवंत काही असेल तर बाटली आडवी करून, तोंड खाली करून गवतात ठेवतो आणि परत येताना उचलतो.

थर्माकोल ओल्या दिवशीच उचलतो. कोरडा, ठिसूळ झालेला तुकडा चिमट्यात धरला की त्याचे मणी सुटतात, वाऱ्याने पसरतात, आणि ते कोणीही गोळा करू शकत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ते आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच चिमट्यात तयार होताना बघणं फार वाईट वाटतं. त्यापेक्षा फावड्याने खालच्या मातीसकट उचललेलं बरं.

शाळेची २५ मुलं एकदा आली होती. ती आनंदात होती, मी मात्र दोन तास फक्त पाण्याकडे पळणाऱ्यांना मागे खेचत होते. पुन्हा बोलवायचं तर पाच-पाच मुलं, प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस, आणि त्यांनी फक्त पायवाटेवर मोजायचं काम करायचं. उचलण्यापेक्षा रेघा मारायला त्यांना जास्त मजा येते, हे त्याच दिवशी दिसलं होतं.

आता आम्ही पाच जण आहोत, त्यातले दोघे दर वेळी येतातच असं नाही. चौथ्या भागाची वही अजून उघडलेली नाही, कारण तिसऱ्याचीच पानं भरत आहेत. पावसाचं मात्र एक ठरलं आहे. जोराचा पाऊस थांबून पाणी उतरलं की दोन दिवसांच्या आत वळणावर जायचं. तोवर झाकणं पाचोळ्याच्या रेषेत ओळीने लागलेली असतात, एका जागी बसून बादलीभर वेचता येतात. पुढचा पाऊस आला की ती खालच्या साकवाच्या पलीकडे जातात, आणि तिथून पुढे आमची हद्द नाही.